खर्ड्याला आज सांगायचं

साळवेबाई सकाळी लॅबमध्ये आल्या की चपला दाराशी काढायच्या, नदीकडच्या खिडक्या उघडायच्या आणि मग एकेका कॉम्प्युटरपुढे उभ्या राहून त्याला आजची तारीख सांगायच्या. सांगायच्या म्हणजे टाइप करायच्या. पण टाइप करताना ओठ हलायचे आणि हलका आवाजही निघायचा. "ऊठ बाबा. आज मंगळवार हाय." मग पुढच्या मशीनपाशी तेच. अकरावीत पहिल्याच दिवशी हा प्रकार पाहून मी शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि म्हटलं, बाईंचा एखादा स्क्रू ढिला दिसतोय. शेजारीण बारावीला होती. ती म्हणाली, "थांब, महिन्याभरात तूपण बोलशील त्यांच्याशी." आणि झालंही तसंच.

पुणतांब्यातलं आमचं ज्युनिअर कॉलेज. लॅब वरच्या मजल्यावर, खिडकीतून गोदावरी दिसायची. मशीनं पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेली आणि कॉलेजला दान दिलेली. तारीख लक्षात ठेवणारा एक बटणाएवढा सेल असतो कॉम्प्युटरच्या पोटात, तो सगळ्यांचाच मेलेला. संध्याकाळी शिपाईमामा मेन स्विच पाडायचे आणि सकाळी बटण दाबलं की सगळी मशीनं उठायची ती कुठल्यातरी जुन्या सालच्या एक जानेवारीला. मी जन्मायच्या आधीची ती एक जानेवारी. बाकी आतलं सगळं शाबूत, फायली जागच्या जागी. आज कोणता दिवस आहे, एवढंच ठाऊक नसायचं. बाईंनी प्रत्येक मशीनला एकेका गावाचं नाव दिलं होतं. माझ्या वाट्याला आलेलं मशीन होतं खर्डा. का तर म्हणे खर्ड्याला किल्ला आहे, आणि हेही दिसायला पडकं, पण आतून दणकट.

वर्गात बाई स्वच्छ पुस्तकी मराठीत शिकवायच्या. लॅबमध्ये मात्र ती भाषा चपलांबरोबर दाराशीच राहायची. "त्याला आधी आज सांगायचं, मग काम सांगायचं," हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि त्या दोन वर्षांत ते माझ्या कानावरून किती वेळा गेलं असेल, देव जाणे.

आमच्या मशीनांवर लिनक्स होतं. फुकटचं, सगळ्यांच्या मालकीचं, आत काय आहे ते कुणीही उघडून बघावं असं. ज्यांच्याकडे इंटरनेट असतं ते एक बटण दाबतात आणि हवं ते अवजार आयतं येऊन बसतं. आमच्या लॅबला इंटरनेट नव्हतं. बाई रविवारी श्रीरामपूरला जाऊन प्रोग्रॅमिंगच्या अवजारांचे गठ्ठे पेनड्राइव्हवर भरून आणायच्या, तेही कच्चे. म्हणजे कुणीतरी लिहिलेला नुसता मजकूर. तो गठ्ठा सोडायचा, मशीनला दाखवायचा आणि त्याच्याकडूनच त्याचं अवजार घडवून घ्यायचं. बाई त्याला 'बांधणं' म्हणायच्या. एक बांधायला घ्यावं तर ते म्हणायचं, मला आधी अमकं पाहिजे. ते अमकं बांधायला घ्यावं तर त्याला आधी तमकं पाहिजे. मी चिडायचे. बाई म्हणायच्या, "लग्नघर हाय ते. आधी मामाला बोलवायचं, मग मावशीला. मानपान चुकला की कोन मांडवात येतंय?" कुणाच्या आधी कोण, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्या ते गुणगुणायच्या, बारीक आवाजात, विहारात वंदना म्हणतात तशा लयीत. त्यांच्या वडिलांनी विहारात कित्येक वर्षं ग्रंथ वाचला, त्यामुळे मोठ्यानं वाचायची सवय घरचीच. पडद्यावरची प्रत्येक ओळ आम्हाला मोठ्यानं वाचायला लागायची. वाचल्याशिवाय एंटर मारला की बाई नुसत्या बघायच्या. तेवढं पुरायचं.

मी एकदा विचारलं, "बाई, आयतं मिळतंय ते कधीतरी कुणाकडून भरून आणू की. कशाला एवढा उपद्व्याप?"

"आयतं कोनी देईल म्हनून आमच्या मानसांनी लई वाट बघितली, अश्विने," बाई म्हणाल्या. "आपल्या हातानं बांधलेल्या घरात कुठं गळतं ते आपल्याला माहीत असतं. पाऊस आला की बादली कुठं ठेवायची ते कोनाला इचारावं लागत न्हाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. एवढं बोलून त्या पुन्हा खिडकीशी गेल्या.

मी मुळात घाईची. एकदा एसटी चुकली म्हणून उशिरा आले आणि खर्ड्याला तारीख न सांगताच गठ्ठा सोडला. बांधणीच्या सुरुवातीला एक ओळ येते. तिचा अर्थ असा की, इथलं भान ठिकाणावर आहे का ते तपासून बघतो. मशीन एक कोरी फाइल बनवतं आणि ती गठ्ठ्यातल्या फायलींपेक्षा नवी आहे ना, एवढं बघतं. खर्डा तिथंच अडला. म्हणाला, आत्ता बनवलेली फाइल जुन्या फायलींपेक्षा जुनी आहे, घड्याळ बघा. मी कसली बघते? हुशारी करून ती तपासणीच काढून टाकली आणि पुढं रेटलं. मग जे काही झालं, ते झालं. ओळीमागून ओळ कुरकुर सुरू, ही फाइल उद्याची आहे, ती फाइल अजून व्हायची आहे. दुपारपर्यंत एक अर्धवट अवजार तयार झालं. त्याला दोन नि दोन विचारले तर ते गप्प बसायचं.

बाईंनी येऊन वरपासून खालपर्यंत वाचलं आणि हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं, ते अजून तुझ्या जन्माच्या आधी उभं हाय. तू त्याच्या हातात आजची फाइल देतीस, आनि वर म्हनतीस भरवसा ठेव. ते बिचारं काय करंल? त्याची चूक न्हाई. त्याला कोनी सांगितलंच न्हाई." खर्ड्याच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला, मग मला सगळं पुसून पहिल्यापासून बांधायला लावलं.

त्या जुन्या मशीनवर एखादं मोठं अवजार बांधायला अख्खी दुपार जायची. आता ते दिवस आठवले की स्वप्नातल्यासारखे वाटतात. पंखा कुरकुरत फिरायचा, खाली मैदानात कुणी नसायचं, आणि पडद्यावरून ओळी वर वर सरकत राहायच्या. एकसारख्या, न संपणाऱ्या. खिडकीबाहेर नदीवर ऊन पडलेलं असायचं, आणि बराच वेळ बसलं की आत काय वाहतंय आणि बाहेर काय वाहतंय, यातला फरकच कळेनासा व्हायचा. बाई स्टुलावर बसून दोन्हीकडे बघायच्या. "लाईनी वाहू द्याव्यात," त्या म्हणायच्या. "आपन काठावर बसावं. मधी हात घालू न्हाई." मी घाईची पोरगी, पण त्या दुपारी मला कुठं जायचं नसायचं.

अशाच एका दुपारी ती भानाची ओळ येऊन गेली. खर्डा 'हो' म्हणाला आणि पुढं गेला. बाई हळूच म्हणाल्या, "हाय. ठिकानावर हाय." मग आपणहून सांगायला लागल्या. "आमची आई शेवटी शेवटी जुन्यातच ऱ्हायची. सांज झाली की दादांची, आमच्या वडलांची, वाट बघत उंबऱ्यात बसायची. फॅक्टरीतनं यायची येळ झाली म्हनायची. दादा जाऊन किती वर्षं झाल्ती. मग कोनीतरी म्हनायचं, अगं, ते गेले की. की ती नव्यानं रडायची. रोज विधवा व्हायची ती, अश्विने. आनि आमीच करायचो तिला."

ओळी सरकत होत्या.

"मशीनला आज सांगनं सोपं हाय," बाई म्हणाल्या. "मानसाला लई अवघड. मला दुसऱ्या कशाची भीती न्हाई, हीच एक हाय. माझं तसं झालं, तर मला कोनी आज सांगू नये. मी इचारलं तर सांगावं."

"तुमचं कसलं होतंय बाई? अख्खं लग्नघर तोंडपाठ करून बसलाय तुम्ही," मी म्हटलं. त्या हसल्या. पण ते त्यांनी गमतीनं म्हटलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

पुढं मी पुण्याला शिकले, तिथंच नोकरीला लागले. ऑफिसात पहिल्या दिवशी मशीन सुरू केलं आणि सवयीनं आधी तारीख बघितली. शेजारचा म्हणाला, "कुणाचा वाढदिवस आहे का?" मी म्हटलं, "आमच्याकडे विचारपूस करायची पद्धत आहे." बाई रिटायर झाल्या. त्यांचा भाऊ गेल्यावर घरात त्या आणि भावजय कमलवहिनी, अशा दोघीच. महिन्यातून एकदा माझा फोन असायचा आणि बाईंचा एकच प्रश्न असायचा, "काय बांधतीस सध्या?" मग एकदा तोच प्रश्न त्यांनी एका फोनमध्ये तीनदा विचारला. पुढच्या फोनला म्हणाल्या, "तुझा बारावीचा निकाल लागला का गं?" मला आधी हसू आलं. फोन ठेवल्यावर मात्र बाईंची आई आणि तो उंबरा आठवला.

मग वहिनींचा फोन आला. वहिनी बोलायला फटकळ, पण त्या दिवशी रडत होत्या. "ताई रोज सकाळी साडी नेसून कॉलेजला निघतात गं. तिथल्या जिन्यात उभ्या ऱ्हातात, लॅबची किल्ली मागतात. पोरी येऊन थांबल्यात म्हनतात. परवा तिथनं थेट नदीवर गेल्या. घाटावर धुनं धुनाऱ्या बायांनी हाताला धरून आनल्या, म्हनून बरं. मी आता कडी लावून घेते. तर दार वाजवतात, मला शिव्या देतात. ताई आनि शिव्या!"

नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि सांगितलं होतं की यांना रोज तारीख-वार सांगत जा. वहिनी इमानेइतबारे सांगायच्या. ताई, तुमी रिटायर झालात, लॅब बंद झाली, आता तिथं नवीन लॅपटॉप आलेत. की बाई मटकन बसायच्या आणि रडायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडी, पुन्हा कडी, पुन्हा तेच. वहिनी म्हणाल्या, "रोज नव्यानं रिटायर होतात बघ."

मी पुणतांब्याला आले. बाई खुर्चीत बसल्या होत्या, इस्त्रीची साडी, पायात चपला. मला बघून म्हणाल्या, "उशीर केलास. एसटी चुकली का?"

"व्हय बाई," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांनी विचारलं नव्हतं.

त्याच दुपारी मी कॉलेजात गेले. लॅब ओळखू येईना. लॅपटॉपांना तारीख कुणी सांगावी लागत नाही, ते इंटरनेटवरून आपली आपण घेतात. छान आहे, वाईट काहीच नाही. मोडक्या बाकांच्या खोलीत धुळीखाली आमची जुनी मशीनं पडली होती. खर्डा सापडला, त्याच्या कपाळावर बाईंनी चिकटवलेली नावाची चिठ्ठी अजून शाबूत होती. प्राचार्य म्हणाले, "न्या हो, भंगारवाल्याला बोलावणारच होतो." टेम्पोतून तो कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारानं खोलला, झाडला, दोन वायरी बदलल्या, म्हणाला, "ताई, सेल मेलाय, नवा घालून देतो. तारीख लक्षात ठेवील मग."

"घालू नका," मी म्हटलं.

मी एकेकाळी बाईंकडे जशी बघत होते, तसाच तो माझ्याकडे बघत राहिला.

खर्डा बाईंच्या घरी बाहेरच्या खोलीत खिडकीशी मांडला. सकाळी बाई साडी नेसून, चपला घालून दाराशी गेल्या. कडीला हात लावला. वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. मी बटण दाबलं. खर्डा पूर्वीसारखाच एकदा किंचाळला आणि घरघर करत जागा झाला. बाईंचा हात कडीवरच थांबला. त्या वळल्या, सावकाश आल्या, आणि मशीनपाशी पोचायच्या आधी, कुणी न सांगता, चपला काढून बाजूला ठेवल्या.

मी पासवर्ड टाकून बाजूला झाले. बाई बसल्या. पडद्यावर ती जुनी एक जानेवारी होती. "उठला का न्हाई अजून," असं पुटपुटून त्यांनी टाइप करायला घेतलं. काय लिहायचं ते बोटांना माहीत होतं, बाईंना बहुतेक नव्हतं. बोटं बरोबर तारखेच्या जागेपर्यंत आली आणि थांबली. थांबूनच राहिली. बाईंचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. वहिनी सांगायला पुढं झाल्या, मी त्यांचं मनगट घट्ट धरलं. मनगट दुखत असेल याचंही मला भान नव्हतं.

"अश्विने," बाई म्हणाल्या, "आज काय गं?"

मी सांगितलं. वार सांगितला, तारीख सांगितली, साल सांगितलं.

सालावर त्या थांबल्या. खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे नीट बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच. "इतकं झालं?"

"व्हय बाई."

"मग मी रिटायर असंल."

"झालात."

"बरं," बाई म्हणाल्या. तारीख टाइप केली, एंटर मारायच्या आधी ओळ मोठ्यानं वाचली, आणि मारला. रडल्या नाहीत. वहिनी मात्र स्वयंपाकघरात जाऊन खूप वेळ भांडी वाजवत राहिल्या.

त्यानंतर कडी लावायला लागली नाही. कॉम्प्युटरला कधी बोट न लावलेल्या वहिनी रोज सकाळी बटण दाबायला आणि पासवर्ड टाकायला शिकल्या. मला फोन करून सांगायच्या, "खर्डा उठला गं. ताईंनी तारीख इचारली." बाईंना आज रोज नवीनच असायचा, पण तो त्यांनी मागून घेतलेला असायचा, कुणी अंगावर टाकलेला नसायचा. दुपारपर्यंत त्या तो पुन्हा विसरायच्या. मग पोरी आल्या का म्हणून विचारायच्या, आणि वहिनी म्हणायच्या, येतील. खर्ड्याच्या पोटात जुने गठ्ठे तसेच होते. त्यातलाच एक बाई रोज बांधायला घ्यायच्या. कुणाच्या आधी कोण, ते आता चुकायचं, मशीन अडायचं. पण एक छोटं अवजार असं होतं की त्याला कुणाचाच मानपान लागत नव्हता, ते मात्र नेमानं बांधून व्हायचं. वहिनी म्हणायच्या, "रोज तेच बांधतात, रोज पुसतात. आनि त्या लाईनी चालू झाल्या की मीपन बसते बाई. काय कळत न्हाई, पन बरं वाटतं." मी सुट्टीला गेले की आम्ही तिघी बसायचो. ओळी वर वर जायच्या, दुपार उतरायची. एकदा ती भानाची ओळ सरकून गेली आणि बाई स्वतःशीच म्हणाल्या, "हाय." मी तोंड फिरवून घेतलं.

गेल्या थंडीत एका पहाटे बाई झोपेतच गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांच्या कितीतरी विद्यार्थिनी आल्या, काही लेकरं कडेवर घेऊन. लांब राहणाऱ्या एकीनं फोनवरून सगळ्यांना नमस्कार सांगितला. संध्याकाळी सतरंज्या गुंडाळल्या, माणसं पांगली. मी राहिले.

सकाळी उठून बाहेरच्या खोलीत आले आणि काही विचार न करता बटण दाबलं. खर्डा किंचाळला, घरघरला आणि आपल्या त्या जुन्या एक जानेवारीला येऊन उभा राहिला. मी खुर्चीत बसले. तारीख सांगायला बोटं ठेवली, आणि उचलवेनात. त्या एक जानेवारीला मी नव्हते. पण बाई होत्या. तरण्या होत्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या, इस्त्रीची साडी नेसून कुठल्यातरी जिन्यानं वर निघालेल्या. मी एक ओळ टाइप केली की ते सगळं संपणार होतं. मला ते करायचं नव्हतं. मी तशीच बसून राहिले.

वहिनी चहा घेऊन आल्या. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सांगितलं न्हाईस?"

"राहू द्या वहिनी. थोडा वेळ."

त्यांनी चहा खिडकीत ठेवला. स्टूल ओढून शेजारी बसल्या. चहा गार झाला. खिडकीतलं ऊन फरशीवर आलं. त्या फरशीवर बाईंच्या चपला कुणीतरी नीट जोडून ठेवल्या होत्या.

बऱ्याच वेळानं वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आज वार कोनता गं, अश्विनी? चार दिस झाले, मला कायबी भान न्हाई."

त्यांनी विचारलं होतं. म्हणजे आता सांगावं लागणार होतं.

"गुरुवार, वहिनी," मी म्हटलं, आणि खर्ड्यालाही तेच सांगितलं.